तिसऱ्या पट्टीवरची सावली

बार्सिलोनातल्या मोंझुइक टेकडीवरचा पांढरा मनोरा टीव्ही-फोनच्या लहरी सांभाळतो, पण उभा असा आहे की कुणी गुडघा टेकून मशाल पुढे धरल्यासारखं वाटावं. लोखंडी गोळे खेळणाऱ्या आमच्या टोळक्याला त्याचा वेगळाच उपयोग होतो. त्याचा तिरपा दांडा म्हणजे आमचं सूर्यघड्याळ. सावली चौकातल्या तिसऱ्या पट्टीवर आली की खेळ थांबतो आणि वर्मुथ वाइनची बाटली उघडते.

पायथ्याला पांढऱ्या फरश्यांचे तुकडे जडवलेत. ते बसवणाऱ्या गवंड्यांत आमचा फर्मी होता. आता तो एकाहत्तरचा आहे. मार्चमधल्या एका रविवारी त्याने रेमेइला विचारलं, एकत्र राहायचं का? रेमेइने चाळीस वर्षं बाजारात मासे विकले. घाईने भाव सांगणारी बाई नव्हे ती.

"पुढच्या रविवारी सांगते. सावली तिसऱ्या पट्टीवर आली की, इथेच."

सावली तिथे बाराला येते, हे फर्मीला पाठ. पुढच्या रविवारी तो पाच मिनिटं आधीच हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, हातात ऑलिव्हचा डबा.

"नवरदेव, गोळा टाकतोस का?" मी विचारलं.

"हात खराब होतील."

बारा वाजले. साडेबारा झाले. फर्मी दर दोन मिनिटांनी मनगट बघत होता आणि एकेक ऑलिव्ह तोंडात टाकत होता. पावणेएकला त्याने डबा माझ्यापुढे ठेवला.

"खा तुम्हीच. तिने उत्तर दिलं, समजा."

तो पायऱ्यांकडे निघाला. तेवढ्यात माझं लक्ष चौकाकडे गेलं.

"फर्मी, घड्याळ कधी लावलंस?"

"काल झोपताना. उन्हाळा आला, सगळ्या देशानेच घड्याळं तासभर पुढे करायची होती ना."

"आणि मनोऱ्याचं कुणी पुढे केलं?"

तो वळला. सावली तिसऱ्या पट्टीच्या अलीकडे होती, वीतभर. फर्मी परत आला, आपणच बसवलेल्या फरश्यांना पाठ टेकून बसला आणि त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं.

सावली पट्टीला टेकली तेव्हा रेमेइ पायऱ्या चढून येत होती.

"कधी आलास?"

"हा काय, आत्ताच."

तिने डब्यात डोकावलं. तळाशी दोन ऑलिव्ह उरले होते.

"तुझं घर चौथ्या मजल्यावर, आणि जिनाच जिना," ती म्हणाली. "माझ्याकडे लिफ्ट आहे. सामान थोडं आण."