पलटलेलं कापड

भिकुबाईनं झेरॉक्सची तीन पानं पुन्हा टेबलावर ठेवली. "भाऊ, कारकून म्हने, खाडाखोड शे. मना पोऱ्या आज घर येवाले जोयजे."

धुळ्याच्या कोर्टासमोर एकट्या पंडितचं झेरॉक्सचं दुकान उघडं होतं. बाकीचे दिवाळीसाठी गावी गेले होते. उद्यापासून कोर्टाला सुट्टी. भिकुबाईच्या अभिमनला जामीन मिळाला होता, पण जामीनदाराच्या सातबाऱ्याची स्वच्छ प्रत आज दाखल झाली नाही, तर पोराची दिवाळी जेलमध्येच जाणार होती. जामीनदार म्हणजे तिचा भाऊ धनसिंग. सोनगीरहून आला होता. त्यानं प्रत उजेडात धरली. नेमका त्याच्या नावावरून काळा ओघळ गेला होता.

"पंडितभाऊ, हाई झेरॉक्स शे का चुलीनी काजळी?"

पंडित हसला नाही. काजळी कुठली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कागदावरची काळी पूड तापलेला रूळ वितळवून चिकटवतो. थोडी रुळालाच राहते. ती पुसायला तेल लावलेल्या पातळ कापडाची गुंडाळी असते. कापड मुंगीच्या पावलानं पुढं सरकतं, रुळाला दर वेळी कोरी जागा मिळते. गुंडाळी संपली की नवी घालायची. पंडितनं ती उलटी फिरवून पुन्हा घातली होती, एकदा नव्हे, दोनदा. जळगावचा नवीन नावाचा मेकॅनिक तेव्हाच म्हणाला होता, "खरकटं पुसलेल्या फडक्यानं पुन्हा ताट पुसता का, भाऊ?" पंडितनं दिवाळीनंतर बघू म्हटलं होतं.

आता त्यानं मशीनमधून कोरे कागद सोडले. ओघळ फिका झाला, वाटलं जमलं. सातबारा लावला, आणि धनसिंगच्या नावावर पुन्हा काळं आलं. कापड पुसत नव्हतं, साठलेलं परत देत होतं.

"थांबा," पंडित म्हणाला. त्यानं मशीन बंद केलं, दार उघडून तापलेला भाग बाहेर ओढला आणि ते कापड काढून फेकलं. रूळ थंड व्हायला वेळ लागतो. वेळ कुठून आणायचा? सुती फडक्याची घडी घेऊन तो बाजूची मूठ फिरवत रूळ पुसू लागला. घडीतून चटका बोटांत शिरला. सुरीनं खरवडावं असं मनात आलं, पण एक ओरखडा पडला की रूळच गेला.

"भाऊ, हात!" भिकुबाई ओरडली.

"तुम्ही कोर्टाकडे बघा, अक्का."

त्यानं तो भाग आत सरकवून मशीन पुन्हा तापवलं. पहिलं पान स्वच्छ आलं. दुसऱ्याच्या कडेला काळं डोकावलं. पुन्हा बंद, पुन्हा पुसणं. बोटांची कातडी पांढरी पडली. तिसरं पान गरमच असताना भिकुबाईनं ओढून घेतलं आणि चप्पल तिथंच टाकून ती पळाली. मागून धनसिंग.

ती रस्ता ओलांडत होती, तेवढ्यात कोर्टाच्या फाटकातून जज्जसाहेबांची गाडी बाहेर पडली. मागोमाग कारकून मोटारसायकलवर. धनसिंग आडवा गेला, हात जोडले. कारकुनानं नकारार्थी मान हलवली आणि गाडी वळवून निघून गेला.

भिकुबाई परत आली. ती शिव्या देईल म्हणून पंडित मान खाली घालून उभा राहिला. द्याव्यात, असंच त्याला वाटत होतं. तिनं पानं पदरानं पुसली, उगाचच.

"या साफ शेतस ना, भाऊ? दिवाळी झायी की चालतीन ना?"

पायाशी पडलेलं काळं कापड पंडितनं उचललं, आणि कुठं ठेवावं ते न सुचून हातातच धरून राहिला.