चौथ्या ओवीचा लसूण

पिशवीतून पाच बाटल्या काढून मी टेबलावर ओळीने मांडल्या, महागडी डावीकडे, स्वस्त उजवीकडे. ह्यांनी उकडलेल्या बटाट्याचे काप केले, पाच चमचे घेतले आणि चष्मा पुसला.

"चष्म्याने चव कळते होय?" मी म्हटलं.

"किंमत तर कळते. तीच आधी झोंबते."

कारखान्याच्या फाटकाशी आमची गाडी आहे. उकडलेली अंडी आणि तळलेले बटाटे. आई होती तोवर दर महिन्याला तिच्या मिरचीच्या सॉसची बरणी यायची आणि गिऱ्हाईक बोटं चाटत उभं राहायचं. आई धाकट्या भावाकडे असायची, तिथेच गेली. त्याच आठवड्यात मी भावाला कृती विचारली होती. "ताई, लिहून काही ठेवलं नाही तिने," तो म्हणाला, "हाताबरोबर चव गेली." मग मी आठवून आठवून करत राहिले. माझा सॉस कच्चाच लागायचा. दोन महिन्यांपूर्वी समोर दुसरी गाडी लागली आणि आमची माणसं एकेक करून रस्ता ओलांडू लागली. बटाटे तुमचे चांगले, पण सॉस तिकडचा, असं तोंडावर सांगून जायची. गाडी टिकवायची तर विकतचा का होईना, बरा सॉस हवा होता.

पहिली बाटली दोनशे चाळीसची, बोटभर उंच, सोनेरी अक्षरांची.

"ह्यात बाटलीच जास्त आहे," हे म्हणाले.

दुसरी एकशे साठची. व्हिनेगर असं की डोळ्यांत पाणी, जिभेवर काही नाही. तिसरी एकशे दहाची. "ही मिरची माहेरून रुसून आलेली नाही, पाकात बुडून आलीय," हे म्हणाले. चौथी नव्वदची, नुसता जाळ. शिव्या देणाऱ्या माणसासारखी, बोलते पुष्कळ, सांगत काही नाही.

पाचवी पंचेचाळीसची. सगळ्यात मोठी, सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाची, अगदी खालच्या फळीवरची. तिच्यासाठी मला वाकावं लागलं होतं.

आधी मिरची आली, मग किंचित गोडवा. आणि सगळं गिळून झाल्यावर, घशाच्या दाराशी, करपलेला लसूण.

ह्यांचा घास तोंडातच थांबला. "अगं, हा तर..."

"बोलू नका."

आईच्या घरात घड्याळ होतं, पण चुलीपाशी ती ओव्यांनी वेळ मोजायची. लसूण तेलात पडला की पहिली ओवी घराला, दुसरी धन्याला. तिसरी मला:

तिसरी ओवी लेकीला,
हाताशी आली कामाला,
हाक मार ग भावाला,
जेवायाला.

ती संपली की मी उठायची आणि भावाला हाक मारायला गल्लीच्या टोकापर्यंत जायची. परत येईतो कढई खाली उतरलेली असायची. मला वाटायचं, गाणं तिथेच संपतं. इतकी वर्षं मी तिसऱ्या ओवीला लसूण उतरवत होते.

मी भावाला फोन लावला.

"आईचा लसूण किती ओव्यांपर्यंत परतायचा रे?"

"हे काय मधेच?"

"सांग."

"चार. चौथी माझी ना." जन्मतारीख सांगावी तसं तो बोलून गेला. मग घाईने विचारलं, "तुला कोण बोललं?"

"बाटली बोलली."

पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"ताई, आईनेच सांगितलं मला. शेवटी शेवटी. म्हणाली, लिहून घे."

"मी विचारलं तेव्हा तुझ्याकडे होतं."

"तेव्हा कृती कंपनीला विकून सही झाली होती ग. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, अशी अट होती."

"दुसरी कुणी. म्हणजे मी."

"तसं नाही. तुला खोकं पाठवू का? मला सवलत मिळते."

"माझ्याबद्दल काही म्हणाली होती?"

"म्हणाली, ताईला सांगायला नको. तिला येतं सगळं. रोज माझ्या शेजारी तर असायची."

माझ्या हातातला चमचा मी टेबलावर ठेवला. त्याने माझ्या तोंडाला पानं पुसली, हे कळून झालं होतं. पण आईला कधीच ठाऊक नव्हतं की शेवटच्या ओवीला ती एकटी असायची. तिनेच मला उठवलं होतं.

"ती ओवी म्हण," मी म्हटलं.

फोन नंबर सांगावा तशी त्याने म्हटली:

"चौथी ओवी लेकाला, उंबऱ्याशी उभा ठाकला, जाळ जरा वाढला, त्याच्यापायी. कंपनीला मी चार मिनिटं सांगितली."

दुसऱ्या दिवशी मी मंडईत गेले. लसूण, मिरची, तेल, साखर, सगळ्यांचे भाव विचारले आणि बोटांवर हिशोब केला. माझ्या हातची एक बाटली सत्तरला पडत होती. तिथून सुपरमार्केटात गेले आणि खालच्या फळीपुढे वाकून बारा बाटल्या टोपलीत घातल्या. घरी येऊन बाटल्यांवरचे नावाचे कागद सोलले आणि सॉस आईच्या बरणीत ओतला.

आठवड्याभरात माणसं परत रस्ता ओलांडून आली. फाटकावरचा पहारेकरी बोट चाटत म्हणाला, "वहिनी, आता जमला बघा. घरचा ना?"

हे माझ्याकडे बघत होते.

"घरचाच," मी म्हटलं आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.