टेलरमावशींची मांड

घोड्यावर बसायला शिकायला माझ्याकडे तऱ्हेतऱ्हेची माणसं आली. घाबरट आली, फुशारक्या मारणारी आली, नुसत्या फोटोपुरतीही आली. पण घोड्यावर बसूनही ज्याचे पाय चालतच राहतात असं माणूस एकच आलं. आमच्या गल्लीतल्या टेलरमावशी.

वय चौपन्न, अंगानं गोल, जीभ कात्रीसारखी. आल्या आल्या म्हणाल्या, "काका, वीस दिवसांत मला घोडा शिकवा."

"कशाला? लढाईला निघालात?"

"बाळंतपणाला."

त्यांची एकुलती एक लेक डोंगरावरच्या वस्तीत दिलेली. गाडीरस्ता पायथ्याशी संपतो. पुढे पाच तासांची चढण, आणि मावशींचा गुडघा दोन जिने चढला की रुसतो. लेक पहिलटकरीण. वस्तीवरची सुईण हुशार होती, पण लेकीनं फोनवर विचारलं, "आई, तू येशील ना?" आणि मावशी "येते" म्हणून मोकळ्या झाल्या. कसं यायचं, ते फोन ठेवल्यावर आठवलं.

आमच्या तबेल्याच्या मालकीणबाईंचा एक नियम आहे, त्यांच्या वडिलांपासूनचा. डोंगरवाटेसाठी घोडा हवा असेल त्यानं आधी रिंगणात दोन्ही हात पसरून, दुडक्या चालीत तीन फेऱ्या मारायच्या. लगामाला हात लावायचा नाही, आयाळीला नाही, खोगिरालाही नाही. कारण त्या वाटेला एकीकडे कडा आणि दुसरीकडे दरी. तिथे घोडं आपलं पाऊल आपण निवडतं. पुढून कुणी ओढून चालत नाही आणि वरच्यानं लगामाला लोंबकळूनही चालत नाही.

मावशींना मी मास्तरीण दिली. ही पांढऱ्या नाकाची सतरा वर्षांची घोडी. तिनं माझ्याहून जास्त माणसं शिकवली आहेत, म्हणून हे नाव.

मावशी बसल्या छान. रिकिबीत पाय घातले आणि लगेच पाय सुरू झाले. टाच वर, टाच खाली, टाच वर, टाच खाली. मास्तरीणला टाच लागली की चालायचं एवढं कळतं. ती निघाली. मावशी घाबरल्या, तसे पाय आणखी जोरात. घोडी आणखी जोरात.

"काका, ही थांबत का नाही?"

"तुम्हीच टाचा मारताय!"

"मी? मी तर गप्प बसलेय!"

तीस वर्षं पायमशीन चालवलेले पाय ते. बूड टेकलं की आपोआप सुरू.

मी म्हटलं, पाय घट्ट धरा. त्यांनी गुडघे असे आवळले की ओला साबण मुठीतून निसटावा तशा त्या खोगिरातून वर सरकल्या आणि धप्पकन वाळूत आल्या.

"लागलं का?"

"मला नाही. अब्रूला."

मग तीन दिवस रिकिबी काढून टाकल्या. म्हटलं, पाय मोकळे लोंबू देत, तोल आपोआप सापडेल. तर पाय हवेतही मशीन चालवत होते. मास्तरीणनं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

दहा दिवस गेले. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, मावशींना सांगून टाका. उगाच आशेला लावू नका." बोलणं रास्त होतं. ते सांगायला मी संध्याकाळी त्यांच्या दुकानात गेलो.

मावशी एका शर्टाची कॉलर शिवत होत्या. मला पाहिलंच नाही. मी दारातच उभा राहिलो. पाठ ओळंब्यासारखी सरळ, खांदे सैल. हात कापडावर, पण ओढाओढ नाही. कापड जाईल तसे हात जात होते. नजर सुईच्या जरा पुढे. खाली पाय झपाझप चाललेले. मग कॉलरचं टोक आलं आणि पाय थांबला. ताठला नाही, नुसता थांबला. त्यांनी कापड वळवलं, शिलाई पुढे निघाली.

"मावशी, आत्ता पाय का थांबला?"

"अगंबाई! काका? केवढं दचकवलंत! कोपरा आला ना. कोपऱ्यावर पाय हलला की टाका पुढे पळतो, कॉलरचं टोक बोथट होतं."

"पण थांबवलात कसा?"

"थांबवला कुठे? टाच खाली सोडली."

मी चाळीस वर्षं लोकांना "टाच खाली सोडा" म्हणून ओरडतोय. यांना ती कधीपासून सोडता येत होती, फक्त कुठे सोडायची ते मला सांगता आलं नव्हतं. सांगायला आलो होतो ते मी गिळलं आणि म्हणालो, "उद्या सकाळी लवकर या."

सकाळी त्या खोगिरावर बसल्यावर म्हटलं, "आज सरळ शिलाई नाही. आज सगळा कोपराच."

"एवढी मोठी कॉलर कुणाची?"

"मास्तरीणची."

त्या हसल्या. हसता हसता टाचा खाली गेल्या, घोटे मऊ झाले. अंगाचं सगळं वजन खाली उतरून रिकिबीत बसलं. मास्तरीण पहिल्यांदाच शांतपणे चालली.

पण एक खोड उरली. मावशी बोलायला लागल्या की पाय सुरू. आणि मावशी बोलायच्या थांबतात कधी? मग मी त्यांना मुद्दाम बोलतं ठेवलं. कंबर चाळीस असताना चौतीस सांगणारी गिऱ्हाइकं, मापाला पोट आत ओढणारे नवरदेव, सगळे आमच्या रिंगणात फिरून गेले. हळूहळू जीभ पळायची आणि टाच जागची हलायची नाही. दुडक्या चालीतले हिसके घोट्यातच जिरायला लागले.

एकोणिसाव्या दिवशी लेकीचा फोन आला. सुईण म्हणत होती, दोनतीन दिवसांचाच प्रश्न आहे. मावशी दुकान बंद करून तशाच आल्या. "आजच बघा काय ते."

मालकीणबाई रिंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या, हातात मास्तरीणला बांधलेला लांब दोर. मावशींनी हात पसरले. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत तबेल्यात कुणाची तरी लाथ बसून लोखंडी बादली कोसळली. मास्तरीण बिचकून बाजूला उडाली. माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा मावशी कमरेत वाकून परत सरळ होत होत्या. हात हवेतच होते. टाचा खालीच होत्या. तोंडानं मात्र बादलीचा उद्धार चालला होता.

फेरी पुरी झाली. मालकीणबाई दोर गुंडाळत म्हणाल्या, "मावशी, उद्या उजाडल्यावर निघा."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या घोड्यावर पुढे, त्या मागे. दरीच्या तुकड्यावर मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. मागे वळून पाहिलं. मावशी चक्क गप्प होत्या. लगाम सैल, पाय स्थिर, मास्तरीण आपली एकेक दगड पारखत येत होती.

दुपारी वस्तीवर पोचलो. लेक कमरेवर हात ठेवून डुलत डुलत अंगणात आली. मग पुढे येऊन तिनं आईच्या मांडीवर कपाळ टेकलं.

"मला वाटलं, तू नाहीच येणार."

"मलाही तसंच वाटलं होतं," तिच्या केसांतून हात फिरवत मावशी म्हणाल्या. "दहाव्या दिवसापर्यंत."

"मग उतर की आता."

"उतरवा कुणीतरी. माझे पाय कुठे आहेत ते मला कळत नाहीये."

शेवटी जावयानं आणि मी मिळून त्यांना खाली घेतलं. पाच तासांनंतर ते पाय कुणाचंच ऐकत नव्हते.