शेवटच्या शब्दापासून

माझा नवरा पेंटर. म्हणजे घरं रंगवणारा नव्हे, अक्षरं रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, शाळांची नावं, ट्रकच्या मागचे शब्द. ह्या फरकात मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी चुकले होते आणि त्याबद्दल आठवडाभर ऐकून घेतलं होतं. तीस वर्षं आम्ही घराच्या पुढच्या खोलीत दुकान चालवलं. ते अक्षरं आखायचे, ब्रशने कडा मारायचे आणि मी आतला रंग भरायचे. कड त्यांची, पोट माझं, असं आमचं वाटप. शिरोरेषा मात्र कायम त्यांची, आणि ती सगळ्यात शेवटी. शब्द संपेपर्यंत ब्रश उचलायचा नाही. त्या वेळी मी खोलीत शिंकलेलंही त्यांना खपत नसे.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे कुणाला वाटायचं की मी सोशिक वगैरे बाई आहे. सोशिक आमच्या घरात एकच माणूस आणि तो मी नव्हे.

आमच्या चर्चचं छप्पर दुरुस्तीला काढलं तेव्हा पाळकसाहेबांनी ठरवलं की वेदीमागच्या कोऱ्या भिंतीवर वचन लिहून घ्यायचं. संकटातून माणूस धीर धरायला शिकतो, धीरातून त्याचं शील घडतं आणि शीलातून आशा उगवते, अशा अर्थाचं ते वचन त्यांच्या फार आवडीचं. त्यांना ते संपूर्ण हवं होतं. ह्यांनी भिंत मापली आणि सांगितलं की साहेब, एवढं लिहिलं तर मागच्या बाकावरून मुंग्यांची रांग दिसेल. शेवटी चार शब्द ठरले. संकट, धीर, शील, आशा. दीड फूट उंचीची अक्षरं, गडद निळा रंग. ह्यांनी तीन दिवसांत चारही शब्द पेन्सिलीने भिंतीवर आखून ठेवले. इतकी देखणी आखणी की गवंडीसुद्धा काम सोडून बघत उभे राहिले.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी हे मोरीत ब्रश धूत होते आणि ब्रश हातातून पडला. उचलायला वाकले तर बोटं मिटेनात. मी आतून ओरडले, की एवढा वेळ काय करताय. ते काही बोलले, पण शब्द नुसते घरंगळून पडल्यासारखे आले. मी बाहेर येऊन त्यांचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि रिक्षा आणायला धावले.

दवाखान्यातून दीड महिन्याने घरी आले तेव्हा उजवा पाय थोडा ओढत होता, उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहत होता आणि बोलणं एकदोन शब्दांवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब. सगळे तेच म्हणत होते. मला मात्र सारखं वाटायचं, देवाला न्यायचाच होता तर दुसरा कुठला अवयव दिसला नाही का? ज्या हाताने त्याच्याच घराची भिंत आखली, तोच हात? मी प्रार्थना बंद केली. दुरुस्ती चालू असल्यामुळे उपासना बाजूच्या सभागृहात व्हायची. मी दर रविवारी जात होते, सगळ्यांबरोबर ओठ हलवत होते, पण आतून देवाशी अबोला धरला होता. ह्यांना ते कळलं होतं. बोलून दाखवायला शब्द नव्हते, एवढंच.

व्यायामाच्या ताई दिवसाआड यायच्या. उजव्या हातात रबरी चेंडू, डाव्या हातात बटणं उचलून डबीत टाकायचं काम. ताई गेल्या की हे डाव्या हाताने जुन्या पाटीवर खडूने रेघा ओढत बसायचे. उभी रेघ, आडवी रेघ, गोल. गोल कधीच गोल व्हायचा नाही, बटाटाच व्हायचा. मी पुढच्या खोलीत घरांवरचे नंबर छापे लावून रंगवायचे आणि तिकडे बघायचंच नाही असं ठरवायचे. ज्या माणसाने अख्ख्या गावाची अक्षरं लिहिली, तो साठीला आल्यावर गोल काढायला शिकतोय, हे मला बघवत नव्हतं.

आठ महिन्यांनी छप्पर पुरं झालं. चर्च उघडायला दहा आठवडे उरले होते. आमच्या पंचांचे सेक्रेटरी प्रवचनात सतत मनगटाकडे बघत बसतात, म्हणून मागून त्यांना सगळे घड्याळ म्हणतात. त्यांनी सुचवलं की भिंतीवर एक हात रंग मारून टाकू आणि छापील अक्षरं चिकटवू, एका दुपारचं काम. चुकीचं काही बोलले नव्हते. ते सांगायला पाळकसाहेब स्वतः घरी आले आणि बिचारे पाण्याचा पेला हातात धरून विषयाभोवती घिरट्या घालत राहिले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डावा हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा, आणि म्हणाले, "मी."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातातला पेला घेऊन आत गेले. शेवटी असं ठरलं की चर्च उघडायच्या आदल्या शनिवारपर्यंत भिंत ह्यांची. पुरी झाली तर ठीक, नाहीतर त्याच संध्याकाळी पुसून छापील अक्षरं.

पहिल्या दिवशी मी त्यांना उंच स्टुलावर बसवलं, कमरेला आधाराचा पट्टा बांधला आणि त्यांनी संकटाचा स घेतला. आता एक गोष्ट सांगायला हवी. पेंटर एका हाताने लिहीत नाही. एका हातात ब्रश असतो आणि दुसऱ्या हातात काठी. काठीचं टोक भिंतीला टेकवायचं आणि लिहिणारा हात त्या काठीवर ठेवायचा, म्हणजे तो थरथरत नाही आणि ओल्या रंगालाही लागत नाही. ह्यांच्याकडे काठी धरायला हात नव्हता. त्यांनी मनगट सरळ भिंतीवर टेकवलं. स ची नुसती डावी गाठ चांगली तासभर खपून झाली. मग उरलेला स घ्यायला हात पुढे सरकला, तसं मनगट मागच्या ओल्या गाठीवरून घासत गेलं आणि निळा फराटा वीतभर पसरला.

मी टर्पेंटाइनने पुसलं, पण भिंत कोरी, कोरडी, तिने रंग पिऊन टाकला. करडा डाग राहिलाच. बसमधून घरी जाताना मी गप्प बसले नाही. म्हटलं, हात घेतला तो घेतला, वर आता चेष्टाही मांडली आहे देवाने आपली. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघायला लागली. हे खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या वाचत होते.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शिरल्यावर त्यांनी स्टूल ओढायला सुरुवात केली. मला वाटलं, परत जायचं म्हणताहेत. तर स्टूल नेलं भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, उजवीकडे, जिथे शेवटचा शब्द होता. मी विचारलं की हे काय नवीन. त्यांनी डावं मनगट कोऱ्या भिंतीवर टेकवून दाखवलं. त्या टोकाकडून सुरुवात केली की हात कायम कोऱ्या भिंतीवर राहणार आणि ओला रंग मागे, पलीकडे सुटत जाणार. तीस वर्षं अक्षरांत काढलेल्या बाईच्या डोक्यात हे रात्रभर आलं नव्हतं. मला हसू आलं, आणि किती दिवसांनी आलं हे लक्षात येऊन थोडं रडूही.

म्हणून आमच्या भिंतीवर सगळ्यात आधी आशा आली.

एका अक्षराला पाच-सहा दिवस लागायचे. ते सकाळी दोन तास कड मारायचे, दुसऱ्या दिवशी ती सुकली की मी पोट भरायचे. बसून त्यांचा हात शिरोरेषेपर्यंत पोचत नव्हता. त्यामुळे वरची रेघ, वेलांट्या, अनुस्वार सगळं बाकी. कडा थरथरत्या होत्या, खोटं का बोलू. पेन्सिलीची रेघ एकीकडे आणि ब्रश दुसरीकडे. तरी दोन आठवडे त्या मोठ्या पांढऱ्या भिंतीच्या कोपऱ्यात एकटा तो शब्द उभा होता आणि बाकं पुसायला, दिवे लावायला जो कुणी यायचा तो त्याच्यासमोर थोडा थांबून जायचा. घड्याळसुद्धा एकदा थांबले. मनगटाकडे न बघता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांच्या स्टुलासाठी घरून उशी आणली आणि कुठे ठेवू म्हणून मला विचारत राहिले.

आता माझं पाप. शीलातला ल झाला तेव्हा त्याची डावी गाठ फारच वेडीवाकडी आली. मला त्या गाठीने झोप येईना. चर्च उघडायच्या दिवशी बाहेरगावची माणसं येणार, ती माना तिरक्या करून बघणार आणि हळहळणार. माझ्या नवऱ्याची कुणी कीव करावी हे मला सहन होणारं नव्हतं. एका दुपारी ताई व्यायामाला आल्या, तशी मी बाजारात जाते सांगून निघाले ती थेट चर्चमध्ये. बारीक ब्रश घेतला, टेकूकाठी घेतली आणि त्या ल ची कड पेन्सिलीच्या रेघेवर बरोब्बर आणून बसवली. कडेला हात लावायचा नाही, हा आमच्या दुकानाचा कायदा मी तीस वर्षांत पहिल्यांदा मोडला. आणि तोही कुठे, तर शीलात.

दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर बसले, ब्रश हातात घेतला आणि थांबले. ल कडे बघत राहिले. मी डबा ढवळायचं नाटक करत होते.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

आजारानंतरचं ते त्यांचं पहिलं सरळ, न अडखळलेलं वाक्य होतं. आनंद व्हायला हवा होता, पण मी भडकले. मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, लोक हसतील तुम्हाला. त्या देवाने तुमचा हात नेला आणि तुम्ही त्याच्याच भिंतीवर त्याचं प्रदर्शन मांडताय. मी जरा झाकलं तर काय बिघडलं? रिकाम्या चर्चमध्ये माझा आवाज छपराला लागून परत येत होता.

त्यांनी ऐकून घेतलं, नेहमीसारखं. मग एकेक शब्द शोधत, मध्ये थांबत म्हणाले, "तो हात गेला. हा आहे. देवाला माहीत आहे, हा डावा आहे ते."

मग फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून माझी सुंदर कड पुसून टाकली आणि पुन्हा सुरुवात केली. चार दिवस गेले त्या एका गाठीत. मी बाजूला बसून राहिले. राग ओसरला तशी लाज वाटली, आणि लाजेबरोबर एक विचित्र बळ आलं. हा माणूस इतके महिने बटणं उचलत, बटाटे काढत जे कमावत होता ते मला दिसलंच नव्हतं. मी फक्त गेलेला हात मोजत बसले होते. नवी गाठ पहिल्यापेक्षा बरी आली होती, पण होती वाकडीच.

शेवटचा आठवडा धावपळीचा गेला. शनिवारी सकाळी संकटाच्या स ची अर्धी कड उरली होती, त्या डागाच्या जागेवरची. घड्याळ दारात उभे होते, छापील अक्षरांची गुंडाळी काखेत, आणि चेहऱ्यावरून तरी ती त्यांना नको असावी असं दिसत होतं. ह्यांनी कड मारली, मी कड सुकायची वाट न बघता पोट भरलं. डाग अक्षराच्या बाहेर थोडा उरला. तो कुणी लपवला नाही. दुपारचे तीन वाजले आणि भिंतीवर अजून शिरोरेषा नव्हती, दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार नव्हता. घड्याळांनी वाचून पाहिलं आणि चाचरत विचारलं की सकट, धार, शाल हे काय आहे.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता उभं राहून, तोल सांभाळत, त्या उंचीवर एका दमात रेघ, हे त्यांना जमणार नव्हतं. त्यांना ते माझ्याआधी माहीत असणार, कदाचित पहिल्या दिवसापासून. त्यांनी रुंद ब्रश निळ्यात बुडवला, डब्याच्या काठावर निपटला आणि माझ्यापुढे धरला.

"ओढ," म्हणाले.

मी नाही म्हटलं. शिरोरेषा मी आयुष्यात कधी ओढली नव्हती. त्यांनी ब्रश तसाच धरून ठेवला, डावा हात आता जरासुद्धा थरथरत नव्हता. मी पायरीच्या शिडीवर चढले. माझे दोन्ही हात शाबूत, म्हणून मी डावीकडून सुरुवात केली, संकटापासून, डागावरून. ब्रश टेकवला आणि मनात आपोआप शब्द आले, ब्रश मध्येच उचलायला लावू नकोस रे बाबा. दहा महिन्यांतली माझी पहिली प्रार्थना ती. संकटावर रेघ गेली. शिडी सरकवली, धीर झाला. शीलावरून जाताना ल च्या त्या गाठीकडे पाहिलं आणि मला ती आवडली. वेलांट्या दिल्या, अनुस्वार दिला. आशेपर्यंत आले तोवर डोळे भरून आले होते, समोरचं नीट दिसेना, आणि शेवटच्या शा वर रेघ बोटभर खाली उतरली.

खाली येऊन मी पहिलं काम केलं ते टर्पेंटाइनचं फडकं उचलण्याचं. वाकडी आलेली शिरोरेषा पुसायची, हाही दुकानाचा कायदाच. ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. पाठीमागे घड्याळ काखेतली गुंडाळी बाकावर ठेवून खाली बसले होते.

"वाकडी आहे," हे म्हणाले.

"पुसू?"

"नको. आपली आहे."