पांढऱ्या पट्ट्यांवर बोललेलं एक वाक्य

आमच्या वकीलबाईंनी मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "विचारतील तेवढंच सांगायचं. हो किंवा नाही. पुढे एक अक्षर नाही." आता मला ओळखणारं कुणीही सांगेल, हे म्हणजे वाहत्या नळाला थांब म्हणण्यासारखं. पण पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा घशाला अशी कोरड पडली, की मलाच वाटलं, आज जमेल.

प्रकरण साधं होतं हो. आमचे हे रंगारी. कामावर निघाले, सिग्नलला चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला, पांढऱ्या पट्ट्यांवरून निम्मा रस्ता ओलांडला आणि गाडीने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली, ती नीट बसलीच नाही. दुसरं ऑपरेशन झालं नाही तर जन्मात शिडी चढता येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तो खर्च आम्हाला कुठला झेपायला? म्हणून नुकसानभरपाईचा दावा.

माशी शिंकली ती एकाच ठिकाणी. रस्त्यावर पडल्यापडल्या हे म्हणाले, "माझंच चुकलं." कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने ते ऐकलं आणि पोलिसांना सांगितलं. गाडीवाल्या बाईंनीही जबाब दिला, माझा दिवा हिरवा होता. झालं! गाडीच्या विमा कंपनीच्या वकिलाच्या हाती आयतं कोलीत मिळालं. असं का म्हणालात, म्हणून मी घरी यांच्या किती मागे लागले! रडले, भांडले, अबोला धरला. हे आपले छताकडे बघत पडून. काल यांची साक्ष झाली, तिथेही तेवढंच, "हो, तसं म्हणालो होतो." का म्हणाले, त्याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विमा कंपनीचा वकील एकदम गोडबोल्या.

"ताई, लग्नाला किती वर्षं झाली?"

"बावीस."

"यजमान खोटं बोलतात का हो कधी?"

"कधीच नाही!" मी ठणकावून सांगितलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे त्या दिवशी म्हणाले तेही खरंच असणार," तो म्हणाला. "हो की नाही, तेवढंच सांगा."

सापडले कात्रीत. हो म्हणावं तर ऑपरेशन गेलं. नाही म्हणावं तर आत्ताच्या आत्ता मीच खोटी. न्यायाधीश पेन धरून थांबले होते.

"त्या दिवशी खोटं बोलले ते," माझा आवाज चिरकला. "रस्ता रिकामा असला तरी हिरवा दिवा लागल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. मी हात धरून ओढते, तरी ढिम्म हलत नाहीत! मग का बोलले असं, ते त्यांनाच विचारा. मला तर इतके महिने दाद देत नाहीत."

"म्हणजे नवरा खोटारडा?" वकील हसला.

"खोटारडा म्हणायचं काम नाही हां!" मी कठड्यावर हात आपटला. न्यायाधीशांनी मला दटावलं आणि मला रडूच फुटलं. मागे खुर्ची सरकली. कुबड्या काखेत घेऊन हे उभे राहिले होते.

"साहेब, तिला सोडा. मी सांगतो."

विमावाला उसळला. न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं आणि यांना म्हणाले, "बोला. कालची शपथ लक्षात ठेवा."

"ते मी या गाडीवाल्या बाईंना म्हणालोच नव्हतो. गाडीत मागे यांची मुलगी होती, सहा-सात वर्षांची. खाली उतरली आणि मला बघून ओरडायला लागली, आई, तू काकांना मारलंस! थांबेचना. मी म्हटलं, नाही गं बाळा, माझंच चुकलं. तेव्हा गप्प झाली."

"मग इतके दिवस का बोलला नाहीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"बोललो असतो तर तिला इथे उभी केली असती, साहेब. आईच्या विरुद्ध."

मला असा संताप आला, की तीच कुबडी घेऊन चांगला चोप द्यावा. आणि तेव्हाच धावत जाऊन गळ्यात पडावंसंही वाटलं. परक्या पोरीसाठी स्वतःचा पाय पणाला लावला होता या माणसाने, आणि घरात हे मूग गिळून बसले होते.

"रचलेली गोष्ट आहे, साहेब," विमावाला म्हणाला. "गाडीत मुलगी होती असं कुठेही नोंदलेलं नाही. असेलच तर बोलवा तिला. होऊन जाऊ दे!"

यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"नको." गाडीवाल्या बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या वकिलाने बाही धरली, ती त्यांनी सोडवून घेतली. "तिला नका बोलावू. दिवा लाल होता. मी मागे वळून तिच्याशी बोलत होते, मी बघितलाच नाही."

बाई यांच्याकडे वळल्या. "ती अजून विचारते, काका बरे झाले का. मी हो म्हणते."

वकीलबाईंनी पिंजऱ्यापाशी येऊन माझा हात घट्ट धरला होता. हे कुबडीवर रेलून बाईंकडे बघत राहिले.

"आता तिला खरं सांगा," हे म्हणाले. "अजून झाले नाहीत म्हणावं, पण होतील."