अतिगुप्त बांगडा

वेन्यामिन लुकिच मॉस्कोतल्या एका परराष्ट्र अभ्यास संस्थेत एकवीस वर्षं नॉर्वे सांभाळत होता. म्हणजे नॉर्वेची वर्तमानपत्रं वाचायची, कात्रणं काढायची आणि अहवाल लिहायचा. अहवाल ‘शेजाऱ्यां’कडे जात. शेजारी म्हणजे हेरखातं. ते आठ मेट्रो स्टेशनं लांब होतं; पण त्याचं नाव घ्यायची संस्थेत पद्धत नव्हती.

या जूनमध्ये त्याने बांगड्याच्या मासेमारीवर लिहिलं. शेजाऱ्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्यावर ‘अतिगुप्त’ असा शिक्का मारला. सोमवारी गोपनीय कक्षाच्या रिम्मा कार्लोव्हनाने त्याला बोलावलं.

“वेन्यामिन लुकिच, रजेचा अर्ज मागे घ्या. अतिगुप्त कागद ज्याला ठाऊक, त्याला पाच वर्षं परदेशबंदी.”

“अहो, तुर्कस्तानची तिकिटं काढलीत. बायको महिनाभर टोपी घालून घरात फिरतेय.”

“फिरू द्या. इथेही ऊन आहेच.”

“पण सगळं रविवारच्या पुरवणीतून उचललंय, बाई.”

“हे मला सांगायला नको होतं. आता स्रोतही फुटला.”

“मी तो अहवाल वाचलेला नाही,” वेन्यामिन काकुळतीला आला. “नुसता लिहिलाय.”

रिम्मा कार्लोव्हनाने चष्मा चढवून नोंदवही उघडली. वाचल्याची सही कुणाचीच नव्हती. लेखकाच्या रकान्यात नाव होतं संचालक ग्लेब रोदिओनोविच यांचं. शेजाऱ्यांनी वाखाणलेल्या प्रत्येक अहवालावर ते आपलं नाव चढवत.

“तुमचा या बांगड्याशी संबंधच दिसत नाही,” ती म्हणाली आणि फोन उचलला.

दहा मिनिटांत संचालक स्वतः जिना उतरून आले. गुरुवारी त्यांना सपत्नीक व्हिएन्नाच्या परिषदेला जायचं होतं.

“वेन्यामिन लुकिच, तुमच्यावर अन्याय झालाय. अहवाल तुमचाच. आत्ताच्या आत्ता नाव बदलू.”

“छे हो, साहेब. तुमची शैली कुठे लपते?”

“उपसंचालक करतो.”

उपसंचालकाला स्वतंत्र खोली होती, खिडकीत रबराचं झाड होतं. मग वेन्यामिनला डोळ्यांसमोर टोपी घातलेली बायको दिसली, घरी, पाच वर्षं.

“एवढा मोठा मान मला झेपायचा नाही,” तो नम्रपणे म्हणाला.

संचालक जिना चढून गेले. रिम्मा कार्लोव्हनाने रजेच्या अर्जावर शिक्का मारला.

“आणि तिकडे समुद्रात बांगडा दिसला तर?”

“ओळख दाखवणार नाही.”