चौथा प्लग

दुपारच्या शांततेत दिवाणाचा खालचा खण करकरला आणि दाराच्या पायरीवर वाटाणे सोलता सोलता चैतालीचा हात थांबला. तो खण उघडला म्हणजे सासऱ्यांनी हत्यारं काढली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

कोंडाजी ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी तिथला एक नियम त्यांनी इंदिरानगरातल्या या तळमजल्यावरच्या घरात चालूच ठेवला होता. आपलं काम आपण पास करायचं नाही. दुसऱ्यानं तपासायचं, मग सही. गाडीच्या वहीत प्रत्येक कामापुढे ‘केले’ आणि ‘तपासले’ असे दोन रकाने होते. तपासायला लताबाई, म्हणजे सासूबाई. त्यांना प्लग कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, पण सही मात्र झोकात. सध्या त्या निफाडला बहिणीकडे होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, “चैताली, यांच्या वहीत नुसती सही ठोकू नकोस हं. हात लावून बघत जा.” चैतालीला ती थट्टा वाटली होती.

मागच्या महिन्यात कोंडाजी मैनाला, सहा वर्षांच्या नातीला, शाळेत सोडायला निघाले आणि हायवेला लागून थेट ओझरला पोचले. मैनानं घरी येऊन विमानं पाहिल्याचं सांगितलं. सगळे हसले. “काय आबा, फर्स्ट शिफ्टला वेळेवर पोचलात ना?” असं चैतालीच म्हणाली होती. तिचा नवरा सनी तेवढा हसला नाही. नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “गाडीची किल्ली काढून घे त्यांच्याकडून. मी मागितली तर भांडण होईल. तुला नाही म्हणणार नाहीत ते.”

“गाडी धक्के देत मिसिंग करतेय, एसीला वास येतोय. तेवढं काम करू दे त्यांना,” ती म्हणाली. “मग बघू.”

ते काम आज निघालं होतं.

गाडी दारासमोरच उभी होती. कोंडाजींनी डॅशबोर्डचा कप्पा उतरवला आणि मागचा एसीचा फिल्टर ओढून काढला. काळाकुट्ट. घड्यांमध्ये कडुनिंबाची वाळकी पानं, पारव्याचं एक पीस.

“घे, बघ. एवढं सगळं आपण नाकात घेत होतो.”

“शी, आबा! वाटाण्यांवर झटकू नका.”

पीस मैनानं पळवलं. कोंडाजींनी नवा फिल्टर बाण बघून सरकवला, कप्पा लावला. एकदाही अडखळले नाहीत. चैतालीला हायसं वाटलं. सनीला उगाच भीती वाटते, असंही वाटलं.

मग बॉनेट. प्रत्येक प्लगवर बसवलेली कॉइल उपसून त्यांनी चारही जुने प्लग काढले आणि पायरीवर, तिच्या टोपल्याशेजारी, ओळीनं मांडले. नवा प्लग ते आधी बोटांनीच फिरवायचे. आटे नीट धरले की मगच मापाचा पाना. ठरल्या ताकदीला आला की तो पाना वाजतो. कट्. पहिला झाला. चैताली सोलत होती, ऐकत होती. कट्. थोड्या वेळानं पुन्हा कट्.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचा दिनेश जिना उतरून आला. “जय भीम, आबा! विमानाला पण असलेच प्लग असतात का हो?”

“विमानाचं राहू दे. तुझी स्कूटर सकाळी सगळ्या बिल्डिंगला उठवते, तिचा बदल आधी.”

“तुम्ही आहात की.”

“म्हणजे फुकटात!”

हसत हसत दिनेश गेला. कोंडाजींनी चौथी कॉइल बसवली, बोल्ट आवळला, पाना पुसून ठेवला.

“झालं. घे वही, तपास. सही झाल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.” किल्ली खिशात टाकून ते हात धुवायला आत गेले.

चैताली टोपलं मांडीवर घेऊन बसून राहिली. पाना तीनदाच वाजला होता. की दिनेशच्या बडबडीत चौथा आवाज ऐकू आला नाही? आत बेसिनचा नळ वाहत होता. ती उठली. चौथ्या कॉइलचा बोल्ट सोडवला, कॉइल उपसली, पाना आत सोडला आणि फिरवला. पाना नुसताच फिरला, अगदी हलका. मग कुठं तरी धरलं. तिनं जोर लावला.

कट्.

आत नळ बंद झाला.

सासूबाईंनी थट्टा केली नव्हती.

कोंडाजी ओल्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. “कितवा?”

“चौथा, आबा.”

“दिनेश आला होता तेव्हा...” ते म्हणाले आणि थांबले. “त्याचा काय दोष त्यात.”

तिनं कॉइल परत बसवली. बोल्ट आवळला. मग वहीत सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. कोंडाजींनी खिशातून किल्ली काढली, पंच्याला नीट पुसली आणि उघड्या वहीवर ठेवली. तिनं मागितली नव्हती.

मैना केसांत पीस खोचून उड्या मारत आली. “आजोबा, उद्या शाळेत नव्या वासाच्या गाडीतून ना?”

कोंडाजी वाकून पायरीवरचे जुने प्लग एकेक करून डबीत भरू लागले. मैनानं त्यांच्याकडे बघितलं, वहीवरच्या किल्लीकडे बघितलं आणि आईचा पदर ओढला.

“आई, आजोबाच सोडणार ना मला?”